बाहुलीचा मामा

विंझर,
ता. १४ एप्रिल १९३५

चि. सौ. सगुणा हीस दादाचा आशीर्वाद.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो, मग बाकीचं. आंब्याच्या फांदीला झोपाळा. पाट जांभळीचा, दोर अंबाडीचा, मीच वळलेला. कुरडया पाडायला बाभळीचा सोऱ्या. पितळी चकतीची भोकं मीच पाडलेली. भोवरे चार. कावळे हाकायला खुळखुळ्याची काठी. पांगाऱ्याच्या लाकडाचा बाहुला आणि पांगाऱ्याचीच बाहुली. आणि बाहुलीला सासरी न्यायला मेणा, हातभर लांब, सरकत्या दारांचा. त्यात लोखंडाचा खिळा एकही नाही, सगळ्या बांबूच्या खुंट्या. मेण्यातली गादी तेवढी माझी नव्हे. ती शेजारच्या मन्सूर पिंजाऱ्यानं कापूस पिंजून भरून दिली. जे माझं नाही त्याला मी माझं म्हणणार नाही.

तुझी रतन परवा सुखरूप पोचली. मन्सूरचा भाऊ इस्माईल भोरहून गाडी घेऊन येतो, त्यानं तिला दारात आणून सोडली. अकरा वर्षांची पोर, पण बोचकं कुणाला उचलू दिलं नाही. पहिला दिवस खांबाला टेकून बसली. मग मन्सूरची हसीना, रतनच्याच वयाची, कुंपणावरून म्हणाली, "ए भोरची, झोपाळा नुसता बघायला बांधलाय का?" दुपारपावेतो दोघी त्यावर उभ्या राहून आंब्याची पानं पायानं तोडत होत्या.

आज कुरडया झाल्या. गहू आमचे, चूल आमची, पण माणसं दोन्ही घरची. पोरांनी गरम चीक गूळ घालून इतका खाल्ला की खाटा निम्म्याच भरल्या. मन्सूरच्या खुर्शिदाबाई सोऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, "भावजी, सोऱ्या लई देखना, पर दाबायला दोन रेडं आना." नवीन लाकूड आवळतं, एवढंच. संध्याकाळी मी दांडा चार बोटं लांब केला; आता रतनसुद्धा दाबते. हे त्यांच्या बोलण्यावरून नव्हे, माझ्या आधीच ध्यानात होतं.

आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, बाहुल्यांचं लग्न लावायचं ठरलं आहे. नवरा हसीनाचा, नवरी रतनची. बाहुल्याला मी खाली बैठक दिली आहे, तो आपला उभा राहतो. बाहुलीला मुद्दाम दिली नाही. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तिला धरतो. ती आपली आपण उभी राहिली तर मामाचं काम काय? तेव्हा तिला मी धरणार. खेळ असला तरी रीत चुकता कामा नये.

तुझ्या वैनीचा आणि मानसिंगचा नमस्कार. मानसिंग सात वर्षांचा झाला, पण अजून भोवऱ्याला दोरी उलटी गुंडाळतो.

तुझा दादा,
सोनबा

*

भोर,
ता. २० एप्रिल

ती. दादास सगुणाचा नमस्कार.

तुझं पत्र इस्माईलभावानं दिलं. दोनदा वाचलं. माझं पैलं बाळंतपण तुझ्याकडं झालं, तवा तू राखंत बोट फिरवून मला अक्षरं शिकवलीस, त्याचा असा उपेग हुतोय.

दादा, एक कर. रतनला पाऊस लागंस्तवर तिकडंच ठेव. आन कुनी परकं मानूस तिच्याबद्दल इचारू लागलं, तर पोरगी नाजूक हाय म्हन. अंगात कसर हाय, रातीला ताप येतो, काम झेपत न्हाई, असं म्हन. रस्त्याकडं लई जाऊ दिऊ नगंस. कारन इचारू नगंस, माझ्यावर भरवसा ठेव.

आत्याबाईंची कंबर बरी हाय. सासू म्हनून बोलत्यात, पर रतन गेल्यापासनं त्यांला बी घर खायला उठतंय. हे कामावर जात्यात.

बाहुलीला लुगडं कोन्त्या रंगाचं नेसवलंस? रतनला हिरवं आवडतं.

सगुणा

*

विंझर,
ता. २८ एप्रिल

चि. सौ. सगुणा हीस आशीर्वाद.

लुगडं हिरवंच आहे, काठ तांबडा. तुझ्या वैनीच्या जुन्या चोळीचा.

आता तुझ्या सांगण्याविषयी. सगुणा, आईच्या जिवाला काळजी लागते हे मी जाणतो, पण ठणठणीत पोरीला आजारी म्हणायचं? रतनला कसर नाही, ताप नाही. सकाळी दोन भाकरी खाते, करवंदांच्या जाळीत हसीनाच्या आधी शिरते, आणि विहिरीवरून भरली घागर डोक्यावर घेऊन येते. वाटेत थेंब सांडत नाही, मी मागून चालत जाऊन पाहिलं आहे. मी शाळेची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते बघून आणि मोजून शिकलो. असं असता जे नाही ते आहे म्हणून मी सांगत बसलो, तर माझ्या मापावर कोण विश्वास ठेवील?

परवा किकवीचे आनंदराव म्हणून एक पाव्हणे दारावरून चालले होते. बैल बघायला वेल्ह्याकडं निघालो म्हणाले. बोलण्यात दांडगे, पागोटं जरीचं. पाणी मागितलं, रतननं आणून दिलं.

"पोरगी कुनाची?"

"माझी भाची. भोरची."

"लई बारीक दिसती. दुखनंबिखनं?"

मी सांगितलं, "न्हाई. हाडानं घट्ट हाय. घागर उचलती, भाकरी थापती, अन चुकलं तर कबूल करती." पाव्हणे खूष झाले. मेणाही हातात घेऊन पुष्कळ वेळ न्याहाळला. आपल्या लग्नात वरपक्षाला थोर माणूस कोणी नाही, मन्सूर लाजतो. म्हणून मी त्यांना आखितीचं आमंत्रण दिलं. येतो म्हणाले. बाहुल्यांच्या लग्नाला किकवीहून पाव्हणा यावा, हे विंझरात पहिल्यांदाच होणार.

रतन मात्र ते गेल्यावर हसीनाकडं गेली नाही. मी पटाशीला धार लावत होतो, तिथं येऊन बसली.

"मामा, मामा उभाच न्हाई राह्यला तर लगीन लागतं का वो?"

मी म्हणालो, "कसं लागंल? मामाबिगर अंतरपाट धरत न्हाईत."

"कुनाचंच?"

"कुनाचंच."

"मंग बरं," म्हणाली आणि झोपाळ्यावर गेली. पोरीला रीतभात समजून घ्यायची हौस आहे. माझ्यावर गेली आहे.

सोनबा

*

भोर,
ता. ३ मे

दादा,

नमस्कार लिवायला हात उटत न्हाई.

ते बैल बघायला आलं नव्हतं. रतनला बघायला आलं व्हतं. आनंदरावांचा ल्योक बिजवर हाय, पंचविशीचा. पैली बायकू बाळंतपनात गेली. ती तेरा वर्सांची व्हती दादा. मी तिला येकदा बाजारात बघितली व्हती. बांगड्या हातात राहत नव्हत्या, कोपरापातुर वर सारून चालत व्हती.

ह्यांना स्थळ आवडलंय. ह्यांचं मन वाईट न्हाई. घर भरल्यालं हाय, पोरीला कमी पडनार न्हाई, असं म्हनत्यात. मी काय बोलले तर म्हनत्यात, तुला न्हाई का नवव्या वर्सी दिली, मेलीस का? म्हनून मी रतनला आंब्याच्या निमतानं तुझ्याकडं धाडली. पोरगी नाजूक म्हनून कळलं की पाव्हनं आपसूक मागं फिरत्याल, असं वाटलं. तुला सांगितलं न्हाई, कारन तुला खोटं पोटात ठेवता येत न्हाई. ते बी चुकलंच माझं.

आता त्यांनी सांगावा धाडलाय. मामानं सवता सांगितलं, पोरगी हाडानं घट्ट हाय. जेठात उरकून टाका. येत्या पंधरवड्यात सुपारी फुटंल.

रतनला समदं ठावं हाय. भिताडापलीकडनं तिनं ऐकलं व्हतं. तिला रागावू नगंस.

मला नवव्या वर्सी दिली तवा तू उंबऱ्यापाशी रडत व्हतास. आता मोटा झालायस. काय तरी कर.

सगुणा

*

विंझर,
ता. ६ मे

चि. सौ. सगुणा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र इस्माईलनं काल आखितीच्या सकाळीच दिलं. त्या वेळी मी मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होतो. वाचून झाल्यावर पुढचा डहाळा वाकडा बांधला गेला. तो तसाच राहिला.

लग्न मोडायला सवड नव्हती. दोन्ही घरची आणि आळीतली मिळून वीसेक पोरं अंघोळी करून बसली होती. हळद लागली. हसीनाचा नवरदेव, त्याचं नाव सरदार, मानसिंगच्या खांद्यावर बसून आला. सनई मन्सूरनं पिंपळाच्या पानाची वाजवली आणि स्वतःच हसून बंद पाडली. खुर्शिदाबाई विहीणबाई म्हणून ऐटीत पाटावर बसल्या. "रुखवतात नुसत्या कुरडया? आमच्या सरदाराचं दात हलत्यात, मऊ काय तरी आना!" तुझ्या वैनीनं त्यांच्यापुढं चिकाची वाटी ठेवली, तेव्हा मांडवभर हसू झालं.

आनंदरावही आले. मीच बोलावलेले. त्यांना पुढं बसवलं.

अंतरपाट धरला. बाहुली माझ्या हातात. तुझ्या वैनीनं मंगलाष्टकं धरली, पोरांनी मुठीत तांदूळ घेतले. रतन माझ्यासमोर होती. तिनं तांदूळ घेतले नव्हते. ती बाहुलीकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती.

सगुणा, मी ती बाहुली घडवताना तिच्या पायांना बैठक दिली नव्हती, आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटला होता. हात सोडला की ती पडते. ती पडू नये म्हणूनच मामा असतो, एवढं मला ठाऊक होतं. तिला बोहल्यावर धरून ठेवायलाही तोच मामा लागतो, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी बाहुली मेण्यात ठेवली.

"आवो, धरा की नवरीला!" तुझी वैनी म्हणाली.

"न्हाई धरत. नवरी ल्हान हाय."

"लाकडाची हाय ती," कोणी तरी म्हणालं.

"लाकूड बी कवळं हाय. कवळ्या लाकडाचं काम तडकतं. मुरू दे. चार-पाच उन्हाळं जाऊ देत, मग मामा हजर हाय."

मला वाटलं, आता खुर्शिदाबाई रुसणार. रुसायचा हक्क वरपक्षाचाच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आनंदरावांकडं पाहिलं, रतनकडं पाहिलं. बाई पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "आमची काय बी तकरार न्हाई. सून आमचीच, पर तिच्या मायच्या घरी वाढू दे. आमचा सरदार काय आडात उडी टाकतोय व्हय?"

रतननं हसीनाला विचारलं, "थांबंल का गं तुझा सरदार?"

"थांबंल. त्याला काय, बैठक हाय."

मग हसले सगळे. रतननं मेण्याचं दार स्वतःच्या हातानं सारलं. मी आनंदरावांना सगळ्यांदेखत म्हणालो, "पाव्हणं, बाहुलीची रीत ही. भाचीची वेगळी असणार न्हाई. माझ्यावाचून दुसरा मामा तिला न्हाई, आन मी यंदा उभा राहत न्हाई."

ते जेवले नाहीत. जाताना आंब्याखाली माझ्याशी दोन शब्द बोलले. ते लिहिण्यासारखे नाहीत.

तुझं खोटं मी मोडलं. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, एवढं लिहितो.

सोनबा

*

भोर,
ता. १४ मे

ती. दादास नमस्कार.

मेण्याचं दार रतननं लावलं, तेवढंच मी सारखं वाचते.

पर दादा, हितं उलटं झालंय. आनंदराव हितं येऊन गेलं. ह्यांला म्हनालं, "तुमच्या मेव्हन्याला पोरीची कनव न्हाई, मामाचा मान पायजे. मला आंब्याखाली नेऊन दोनशे रुपये मागितलं. न्हाई म्हनालो म्हनून पोराटोरांत माझी शोभा केली." हे लई तापलं. म्हनालं, "तुझा भाऊ भाचीवर पैका मागतोय?" आन सोमवारी सुपारी फोडायची म्हनून उठलं.

तवा आत्याबाई चुलीम्होरनं उठल्या. कंबर धरून उंबऱ्यात हुब्या राहिल्या आन म्हनाल्या, "गेनू, बस खाली. ह्या सोनबाला भनीनं खोटं बोलाय सांगितलं, तर तिच्यासाठी बी बोलला न्हाई. मला समदं कळलंय, मी काय आंधळी न्हाई. असला मानूस दुसऱ्यासाठी बोलंल व्हय? त्याच्याकडनं लिवून आन. मामानं हात पसरला आसंल तर सोमवारी सुपारी फोड, मी सवता गूळ वाटीन. आन ह्या पाव्हन्यानं मामाला इकत घ्याया बघितला आसंल, तर त्याच्या दारात माझी नात जायाची न्हाई. मामाला इकत घेनारा सुनंला काय जपनार?"

हे खाली बसलं. म्हनालं, "बरं. तो लिवंल ते मी मानतो."

तर दादा, आंब्याखाली काय झालं ते लिव. मला लिवू नगंस, ह्यांला आन आत्याबाईंला लिव. मी समद्यांम्होरं वाचून दाखवनार हाय. माझ्यासाठी येक अक्षर वाढवू नगंस. कमी बी करू नगंस.

सगुणा

*

विंझर,
ता. १७ मे १९३५

श्री. गेनूदाजी आणि ती. आत्याबाई धोंडाबाई यांस सोनबाचा रामराम आणि नमस्कार.

हे पत्र सगुणा वाचील. तिनं मध्ये थांबू नये.

आधी पोरीची खुशाली. रतन बरी आहे. काल खुर्शिदाबाईंच्या अंगणात सांडगे घातले, त्यांच्या खाटेची राखण तिच्याकडं आहे. धोंडाबाईंना सांगते की कंबरेला निरगुडीचा पाला शेकून बांधा. बाहुली तिनं हसीनाला दिली नाही आणि स्वतःकडंही ठेवली नाही. दोघींनी मिळून ती मेण्यासकट आमच्या फडताळात ठेवली आहे. हसीनाचा सरदार बाहेर उभा असतो, पहाऱ्याला.

आता आंब्याखालचं. आनंदरावांना मी नेलं नाही, त्यांनी मला हाक मारली. तिथं आम्ही दोघंच होतो. खुर्शिदाबाई कुंपणापाशी भांडी घासत होत्या, त्यांनी ऐकलं असेल. पण मी त्यांची साक्ष काढत नाही. माझं मी सांगतो.

मामाचा मान मी मागितला नाही, आणि त्यांनीही मान म्हणून काही देऊ केलं नाही. ते माझ्याहून हुशार आहेत. मांडवातला मेणा त्यांच्या हातात होता. ते म्हणाले, "सोनबा, तुमच्या हातात कसब हाय. असा मेणा पुण्याच्या पेठंत बी मिळायचा न्हाई. दारं अशी सरकत्यात जशी तुपावरनं. खिळा न्हाई म्हनता?"

मी म्हणालो, "एक बी न्हाई."

"कुठं शिकलासा?"

"कुठंच न्हाई."

"बघा! अन गावात किंमत कुनाला?"

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. वीस वर्षं मी लाकूड तासतो आहे. झोपाळा बघून लोक झोका घेतात, सोऱ्या बघून कुरडई मागतात, पण सांधा कसा बसवला ते कुणी वाकून बघत नाही. हे वाकून बघत होते. मी त्यांना खुंट्या कुठं आहेत ते दाखवायला लागलो. पत्रात हेही यायला हवं.

मग ते म्हणाले, "हा मेणा मी इकत घेतो. आत्ता, रोख. मेणा तुमी माझ्या गाडीत ठेवायचा, आन जेठात सूनबाईच्या पाठीशी हुबं राहायचं. मेण्याचे पैसे मेण्याचे. मान न्हाई, लाच न्हाई, कुनी बोट दाखवायचं न्हाई."

आणि त्यांनी किंमत सांगितली.

दाजी, मेण्याचं लाकूड वादळात पडलेल्या पांगाऱ्याचं, फुकटचं. बांबू बांधावरचा. गादी मन्सूरची. माझी मजुरी मी स्वतःची म्हणून चढी धरली, तरी त्या मेण्याची किंमत अडीच रुपयांवर जात नाही. आपल्या हातच्या कामाची किंमत मला कुणी शिकवू नये. अडीच रुपये सांगितले असते तर मेणा रतनचा आहे, तिला विचारा, असं मी म्हणालो असतो. त्यांनी सांगितली ती किंमत मेण्याची नव्हती. आत जिला निजवली होती तिची होती.

मी मेणा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणालो, "इकायचा न्हाई."

ते म्हणाले, "याद ठेवा, एवढी किंमत तुमच्या कामाला पुन्यांदा कुनी सांगनार न्हाई."

हे त्यांचं बोलणं खरं आहे. मीही ते मान्य केलं. मग ते गाडीत बसले.

तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. मी माझ्या जागी आहे. चार-पाच वर्षांनी, मुलगी वाढली आणि तिची आई हो म्हणाली, तर निरोप धाडा. मामा म्हणून पाठीशी उभा राहीन, आणि बोहल्याचे पाट माझ्या हातचे असतील.

आंब्याखाली मला देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम, अक्षरी आणि अचूक: एकशे एक्कावन्न रुपये, रोख.

सोनबा